कॉम्प्युटर बंद, वीज चालूच

दसरा उलटला की घराघरांत जळमटे निघतात, माळे रिकामे होतात आणि त्याच ओघात टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडेही कुणाचे तरी लक्ष जाते. पंखा घरघरत असतो, मागच्या जाळीवर धुळीचा थर साचलेला असतो. मग कुणीतरी स्क्रू काढते, डब्याचे बाजूचे झाकण उघडते आणि ब्रश घेऊन आत हात घालते. त्याआधी कॉम्प्युटर बंद केलेला असतो. म्हणजे पडद्यावर ‘शट डाऊन’ केलेले असते, पंखा थांबलेला असतो, पुढचा दिवा विझलेला असतो. बहुतेक घरांत ‘बंद’ या शब्दाचा अर्थ इथेच संपतो. विजेच्या हिशेबाने मात्र अजून काहीच बंद झालेले नसते.

पूर्वी तसे नव्हते. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीज खरोखरच यायची आणि बटण दाबले की ती तिथे तुटायची. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाची रचना आणली आणि या बटणाचे काम बदलले. तेव्हापासून ते वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त निरोप देते. निरोप ऐकायला कुणीतरी जागे असावे लागते, म्हणून वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कॉम्प्युटर ‘बंद’ असतानाही पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा मदरबोर्डला देतच राहतो. रात्री अंधारात माऊसच्या पोटाखाली लाल उजेड दिसतो किंवा मागे नेटवर्कच्या वायरीपाशी हिरवा ठिपका लुकलुकतो, तो याच पुरवठ्यावर. झाकण उघडल्यावर मदरबोर्डवरही एखादा इवलासा दिवा लागलेला सापडतो. तो दिसला की समजावे, भिंतीतली वीज अजून या डब्यापर्यंत येते आहे.

उगाच भीती घालण्यातही अर्थ नाही. मदरबोर्ड, हार्डडिस्क, पंखे यांना मिळणारी वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टची असते. कोरड्या हाताला ती सहसा जाणवतही नाही. चालू पुरवठ्यावर रॅमची पट्टी उपटली तर पट्टी जळेल, माणूस नाही. २३० व्होल्ट असतात ते एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात आणि पाठीमागे जिथे काळी जाड पॉवर कॉर्ड घुसते तिथे. पण साफसफाई करणारा हात नेमका तिथेच पोहोचतो. ओले फडके मागच्या जाळीवरून फिरते. हातातून निसटलेला स्क्रू एसएमपीएसच्या फटीत जातो आणि तो काढायला स्क्रू-ड्रायव्हर आत शिरतो. टेबलामागे वर्षानुवर्षे पडलेली कॉर्ड उंदराने कुरतडलेली असते आणि ती पहिल्यांदा हाताला लागते ती याच दिवशी. अशा वेळी वीज असणे आणि नसणे यांतला फरक फार मोठा असतो.

मग भिंतीवरचे बटण बंद केले की झाले, असे वाटेल. आपल्या घरांतल्या बोर्डावरचे बटण दोनपैकी एकच तार तोडते. ती फेजची असायला हवी, म्हणजे पुढे सगळे निर्जीव होते. पण वायरमनने घाईत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल केली असेल तर बटण न्यूट्रल तोडते. दिवा विझतो, पंखा थांबतो, सगळे बंद दिसते आणि फेज मात्र उपकरणापर्यंत जिवंत पोहोचलेली असते. जुन्या वाड्यांत, वाढवत नेलेल्या घरांत, बाजारातून आणलेल्या स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत ही अदलाबदल काही दुर्मीळ नाही. वर्षानुवर्षे ती कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण उपकरण दोन्ही परिस्थितींत सारखेच चालते. एसएमपीएसच्या पाठीवर ‘०’ आणि ‘१’ लिहिलेले छोटे बटण असते, तेही अनेकदा एकच तार तोडणारे असते. म्हणून बटणावर विसंबायचे नाही. बटण बंद करायचे आणि प्लगही उपसायचा.

आणखी एक खास आपल्याकडची सवय म्हणजे लाईट गेली की ही कामे काढायची. भारनियमन चालू आहे, अजून तासभर तरी वीज येणार नाही, तेवढ्यात कॉम्प्युटर साफ करून घेऊ. वेळापत्रकातली वीज वेळेआधी येऊ शकते आणि ती येताना सांगून येत नाही. शिवाय बटण चालू राहिले आहे की बंद, हे लाईट नसताना कुणाला आठवत नाही. घरात दुसरी माणसेही असतात. आत हात घालून बसलेल्याला न पाहता कुणीतरी सहज येऊन त्याच बोर्डावर मोबाइलचा चार्जर लावते आणि सवयीने दोन्ही बटणे खाली करते. कारखान्यांत यासाठीच दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विचला कुलूप लावतात आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात राहते. खांबावर चढणारा लाईनमन उपकेंद्राकडून आधी ‘परमिट’ घेतो, म्हणजे त्याने ते परत केल्याशिवाय लाईन चालू करायची नाही. घरात कुलूप कुणी लावणार नाही, लावायची गरजही नाही. कॉर्डचे टोक कॅबिनेटच्या पाठीतून काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर जमिनीवर ठेवले, की ते कुलपाचेच काम करते.

कॉर्ड भिंतीकडून न काढता कॅबिनेटकडून काढायची, याला कारण आहे यूपीएस. भारनियमनाच्या वर्षांत डेस्कटॉपबरोबर यूपीएस जवळजवळ सक्तीने घरात आला. भिंतीतला प्लग काढला की यूपीएस ‘टी... टी...’ करू लागतो. बहुतेकांना तो आवाज म्हणजे कटकट वाटते. तो सांगत असतो की भिंतीतली वीज गेली आहे आणि आता बॅटरीवरून २३० व्होल्ट तयार करून मी ते पुढे देतो आहे. म्हणजे प्लग काढून हातात धरलेला माणूस निश्चिंत आहे आणि कॅबिनेटच्या पाठीत पूर्ण दाबाची वीज उभी आहे. इन्व्हर्टरचेही तेच. त्याहून वाईट हे की, यूपीएस बॅटरीवर असताना मीटरपाशी बसवलेले संरक्षक स्विच बहुधा काही कामाचे नसतात, कारण ती वीज त्यांच्यातून आलेलीच नसते. म्हणून आधी शट डाऊन, मग यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद, मग भिंतीचे बटण, आणि शेवटी पॉवर कॉर्ड कॅबिनेटमधून बाहेर. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर, नेटवर्क यांच्या वायरीही काढाव्यात. त्यांचे प्लग वेगळ्या बोर्डात असतात आणि त्या उपकरणांतून गळणारी वीज वायरीच्या धातूच्या वेष्टनातून कॅबिनेटपर्यंत येऊ शकते.

कॉर्ड काढल्यावर पुढचे बटण एकदा पाच-दहा सेकंद दाबून धरायचे. पंखा कधीकधी अर्धा गिरका घेतो, मदरबोर्डवरचा दिवा क्षणभर उजळून विझतो. आत शिल्लक राहिलेला साठा तेवढ्यात बराचसा संपतो.

हे सगळे कशासाठी, ते शरीराच्या बाजूने पाहिले की नीट कळते. घरगुती विजेने माणूस दगावतो तो बहुधा भाजून नव्हे, हृदय बिघडून. हृदयाचा ठोका हाही विजेचाच खेळ आहे. उजव्या कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यातून एक अतिशय सूक्ष्म विद्युत लहर निघते, ती ठरलेल्या वाटेने खाली उतरते आणि स्नायू एका लयीत आवळले जातात. बाहेरून आलेली, सेकंदाला १०० वेळा दिशा पालटणारी वीज छातीतून गेली की ही शिस्त मोडते. हृदयाचा प्रत्येक तंतू आपापल्या मनाने आकुंचन पावू लागतो. याला व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. त्या अवस्थेत हृदय धडधडत नाही, नुसते थरथरते. बाहेर रक्त जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. त्या माणसाच्या अंगावर भाजल्याची खूण कधी मोहरीएवढी असते, कधी नसतेच.

किती वीज लागते यासाठी? साधारण एक मिलिअँपिअर प्रवाहाला बोटांत मुंग्या जाणवतात. अमेरिकेत बर्कले येथे प्राध्यापक असलेल्या चार्ल्स डॅलझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर मोजमापे घेतली आणि हातात धरलेली तार माणूस कुठपर्यंत आपणहून सोडू शकतो ते पाहिले. पुरुषांसाठी सरासरी १६ आणि स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा मिलिअँपिअर. त्यापुढे मनगटाचे स्नायू असे आवळतात की मूठ उघडतच नाही. ‘करंटने पकडून ठेवले’ असे आपल्याकडे म्हणतात, त्यात पकडणारी वीज नसते, स्वतःचाच हात असतो. प्रवाह आणखी वाढला तर छातीचे स्नायू जखडून श्वास थांबतो, आणि साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंद-दोन सेकंद छातीतून गेला तर हृदय फिब्रिलेशनमध्ये जाऊ शकते. साठ वॅटचा जुना पिवळा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एका दिव्याच्या पावपट-निमपट विजेत हे घडते. सहा किंवा सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा प्रवाहाची दखलही घेत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो, माणसासाठी नसतो.

त्वचा कोरडी असेल तर ती बराच विरोध करते. घामेजलेली, ओली किंवा खरचटलेली असेल तर हा विरोध कोसळतो आणि हातापासून हातापर्यंतच्या शरीराचा विरोध हजार-दोन हजार ओहमवर येतो. २३० भागिले दोन हजार, म्हणजे ११५ मिलिअँपिअर. हिशेब शाळकरी आहे, पण उत्तर हृदयाच्या धोक्याच्या टप्प्यात पडते. त्यात कॉम्प्युटरच्या कामात शरीराची ठेवणही वाईट असते. डावा हात कॅबिनेटचा पत्रा धरून असतो, उजवा आत काम करतो आणि माणूस फरशीवर अनवाणी बसलेला असतो. वीज एका हातातून आत आली तर दुसऱ्या हाताने किंवा पायाने बाहेर पडताना ती छाती ओलांडूनच जाते.

बऱ्याच घरांत आणखी एक तक्रार ऐकू येते. कॅबिनेटला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की तो मिणमिणतो. ‘थोडा करंट मारतो, पण चालतो’ असे म्हणून घर त्याच्याशी जुळवून घेते. कारण समजण्याजोगे आहे. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याला जोडलेले दोन लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी क्षुल्लक वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर सगळा पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातून मिळणारा प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, त्यामुळे झिणझिण्या जीव घेत नाहीत. पण त्या सांगतात की या घरात, निदान या बोर्डात, अर्थिंग नाही. उद्या आत एखादी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर तिला जमिनीकडे जायला माणसाखेरीज वाट उरणार नाही. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती शोभेला नाही. लांब असल्यामुळे ती सगळ्यांत आधी जोडली जाते आणि सगळ्यांत शेवटी सुटते. ती कापून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवणे हे अजूनही इतके सर्रास चालते की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटत नाही. साफसफाईच्या यादीत चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासणे आधी लिहावे आणि पंख्यावरची धूळ नंतर.

दुरुस्तीच्या दुकानांत एक उलटा सल्लाही ऐकायला मिळतो. प्लग काढू नका, फक्त बटण बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहील आणि अंगातली स्थितिक वीज निघून जाईल. यामागचा विचार खोटा नाही. कोरड्या हवेत चालताना, स्वेटर काढताना अंगावर स्थितिक भार जमतो. सुमारे तीन हजार व्होल्ट झाल्याशिवाय तो माणसाला जाणवत नाही, चिप मात्र त्याच्या कितीतरी खाली बिघडू शकते. माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो, कारण साठा अगदीच किरकोळ असतो. म्हणजे हा सल्ला चिप वाचवण्यासाठी माणसाला फेजच्या जवळ ठेवतो. जिथे बटण कुठली तार तोडते याची खात्री नाही आणि अर्थिंग आहे की नाही हेही ठाऊक नाही, तिथे हा सौदा अगदी वाईट. कॉर्ड काढूनही कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहिले की हात आणि मदरबोर्ड एका पातळीवर येतात. चिपला तेवढे पुरते. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे हा प्रश्न तसाही सौम्य असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत तो जास्त जाणवतो.

ज्यांना मनगटी पट्टा वापरायचा असेल त्यांनी तयार पट्टाच घ्यावा. त्याच्या वायरीत दहा लाख ओहमचा रोध लपवलेला असतो. चुकून तो माणूस २३० व्होल्टला चिकटलाच तर त्या वाटेने फक्त ०.२३ मिलिअँपिअर जाऊ शकतो, मुंग्याही येणार नाहीत इतका. घरी तांब्याची उघडी तार मनगटाला गुंडाळून नळाला बांधणारे हौशी लोक नेमके हेच संरक्षण काढून टाकतात आणि स्वतःला विजेसाठी उत्तम रस्ता करून देतात.

आता एसएमपीएसचा डबा. तो उघडू नये, हे वाक्य इतके सरधोपट वाटते की त्यामागचे कारण सांगायला हवे. भिंतीतली वीज आत आली की तिचे रूपांतर सरळ प्रवाहात होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तिथला दाब सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतो, २३० नव्हे. चांगल्या स्थितीतला एसएमपीएस कॉर्ड काढल्यावर हा साठा थोड्या वेळात आपोआप संपवतो, कारण आतली मंडळे तो खात राहतात. पण लोक उघडतात तो बिघडलेला एसएमपीएस. ‘फट्’ आवाज करून मेलेला. त्यातली साठा खाणारी मंडळेच जळलेली असू शकतात आणि मग कॉर्ड काढून कितीतरी वेळ लोटला तरी कपॅसिटर भरलेला राहतो. त्यात साधारण २० ज्यूल ऊर्जा असू शकते. शस्त्रक्रियेत छाती उघडून थेट हृदयावर शॉक देताना याच सुमाराची मात्रा वापरतात. बाहेरून बसणाऱ्या झटक्यातली बरीच ऊर्जा त्वचा आणि स्नायूंत खर्च होते हे खरे, तरी ही संख्या हसण्यावारी नेण्याजोगी नाही. काही जण स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून कपॅसिटर ‘मारतात’. ठिणगी उडते, वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो. एसएमपीएस बिघडला तर तो पूर्ण बदलावा. धूळ काढायची असेल तर बाहेरूनच, कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या झोताने, तोंडावर मास्क बांधून. दम्याच्या रुग्णाने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवलेले बरे.

कॉर्ड काढल्यावरही दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे हातातले दागिने. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण त्या तारांतून वीसतीस अँपिअर प्रवाह वाहू शकतो. चालू कॉम्प्युटरमध्ये अंगठी, बांगडी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा दोन टोकांमध्ये अडकला तर धातू क्षणात तापतो आणि बोटाभोवती गोल भाजते. लोंबणारी साखळी, मंगळसूत्र, कडे हे सगळे आधी काढून ठेवावे. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी, सीआर २०३२. ती बदलली की जुनी टेबलावर पडून राहते, आणि घरात रांगते-चालते मूल असेल तर तिचा पुढचा मुक्काम बऱ्याचदा त्याच्या तोंडात. वीस मिलिमीटरची ही बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकते, तिथल्या ओलाव्यातून प्रवाह चालू होतो आणि क्षार तयार होऊन दोन तासांत नळी जळू लागते. बॅटरी ‘संपलेली’ असली तरी एवढ्यासाठी तिच्यात पुरेशी वीज उरलेली असते. मूल कदाचित फक्त लाळ गाळेल, खायला नको म्हणेल. अशी शंका आली तर उलटी करवू नये, थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मूल वर्षापेक्षा मोठे असेल, गिळत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो. त्यासाठी निघायला उशीर मात्र करू नये.

आणि एवढे करून झटका बसलाच तर? आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. वाचवायला धावलेला दुसरा माणूसही त्यांत पुष्कळदा असतो. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायचे नाही. आधी मेन स्विच. तो जवळ नसेल तर कोरडी काठी, प्लॅस्टिकची खुर्ची किंवा लाकडी स्टूल यांनी वायर किंवा माणूस बाजूला करायचा, तोही कोरड्या जागेवर उभे राहून. सुटल्यावर हाक मारायची. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून नुसते आचके येत आहेत, तर एकाने १०८ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. तळवे चोळणे, कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे यांत जी दोन मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत.

छाती दाबण्याची ही पद्धत विजेच्याच अपघातांतून आली, हे फार जणांना माहीत नसते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. १९२०च्या दशकात तारांवर काम करणारे कामगार फिब्रिलेशनने मरत होते, म्हणून ते या संशोधनाकडे वळले. बाहेरून शॉक देऊन हृदय पुन्हा लयीत आणता येते का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९५८च्या सुमारास त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांना कुत्र्यावरच्या प्रयोगात दिसले की शॉकच्या जड पट्ट्या नुसत्या छातीवर दाबल्या तरी रक्तदाबाची रेघ वर उचलली जाते. त्यातून १९६० साली कौवेनहोवेन, जूड आणि निकरबॉकर यांचा छाती न उघडता हृदय चालवण्याचा लेख प्रसिद्ध झाला. आज जगभर शिकवले जाणारे सीपीआर त्यातून वाढले.

झटका बसून माणूस लगेच सावरला तर रुग्णालयात जावे का? शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, हात चिकटून राहिला असेल, भाजले असेल, माणूस ओला असेल, आधीच हृदयविकार किंवा पेसमेकर असेल, स्त्री गरोदर असेल तर नक्की जावे आणि ईसीजी काढावा. खांदा हलत नसेल तर तेही सांगावे. स्नायू इतक्या जोराने आवळतात की खांदा मागच्या बाजूला निखळतो, आणि साध्या एक्स-रेत तो कधीकधी चटकन दिसत नाही. यांतले काहीच नसेल आणि ईसीजी सरळ असेल, तर घरगुती विजेच्या धक्क्यानंतर रात्री अचानक हृदय बंद पडण्याची भीती बाळगायचे कारण नसते. तशा घटना अगदी विरळ आहेत.

डॅलझील यांनी तार न सुटण्याची मोजमापे घेतली, त्यांनीच पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काही मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडणारे उपकरण बनवले. त्याच जातीचे उपकरण आपल्याकडे आरसीसीबी या नावाने मिळते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. ते दाबल्यावर घरातली वीज जायला हवी, गेली नाही तर उपकरण निकामी आहे. बसवल्यापासून हे बटण एकदाही दाबले गेले नाही अशी घरे पुष्कळ निघतील. दिवाळीच्या साफसफाईत तेही दाबून पाहावे, आधी कॉम्प्युटर शट डाऊन करून.

काम संपल्यावर ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आले आहेत ना हे पाहून आणि स्क्रू मोजून झाकण लावायचे. मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क यांच्या वायरी आधी जोडायच्या आणि पॉवर कॉर्ड सगळ्यांत शेवटी. चालू केल्यावर पंखा फिरला पण पडदा काळाच राहिला आणि आतून पीप-पीप आवाज आला, तर बहुधा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. तेव्हा झाकण उघडण्याआधी कॉर्ड पुन्हा काढायची आणि पुढचे बटण पुन्हा एकदा दाबून धरायचे.